दोनदा दाबा

ताई,

तू गेल्यावर परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. मी तुझी नोकरी सांगितली. मुलींच्या वसतिगृहांवर गृहपाल म्हणून कुठे कुठे होतीस, निवृत्तीनंतर अकोल्यात विहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका कशी काढलीस, तिथल्या मुली कुठे कुठे नोकरीला लागल्या. लोक माना हलवत होते. खाली बसलो तेव्हा भाऊजी माझ्याकडेच बघत होते. जे सांगायचं ते मी गिळलं, हे त्यांना कळलं होतं. दवाखान्यातला शेवटचा फोन त्यांनीच तर तुझ्या कानाशी धरला होता.

त्या फोनवर तू मला एक गोष्ट विचारलीस. मला उत्तर माहीत होतं. मी सांगितलं नाही.

जेवताना, वर्गात फळ्यासमोर उभा असताना, रस्ता ओलांडताना मला तेवढंच आठवतं. तुला माझी कारणं ठाऊक आहेत, कारण ती तूच मला शिकवलीस. तरी पहिल्यापासून सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगणार?

सुरुवात तुझ्याच फोनने झाली होती. मी अमरावतीला माझ्या क्लासमध्ये होतो.

"विजू, जावास्क्रिप्ट म्हंजे काय असते रे?"

"कायले पाहिजे तुले?"

"अभ्यासिकेत जुने कॉम्प्युटर आले ना. पोट्ट्या म्हंतेत, आमाले वेबसाइट बनवाची हाये. मले येत नाई तं मी त्याईले काय सांगू?"

"एखादा पोरगा पाठवतो अकोल्याले."

"पोरगा नोको. मले शिकव. मंग मी शिकवीन त्याईले."

साठीला टेकलेल्या बहिणीला जावास्क्रिप्ट शिकवायचं, या कल्पनेनं मला हसू आलं आणि ते फोनवर तुला ऐकू गेलं. "हासून घे," तू म्हणालीस, "मंग शिकव."

मी काय केलं? सगळ्यांना करतो तेच. व्हिडिओंची एक लांबलचक मालिका, तीन-चार फुकटची संकेतस्थळं, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि सरावाच्या उदाहरणांचा ढीग, असं सगळं तुझ्या मोबाइलवर ओतलं आणि मोकळा झालो. एवढी वर्षं वेबसाइट बनवायला शिकवतोय, पण खरं सांगायचं तर शिकवणं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच करत आलो. सामान टाकायचं आणि म्हणायचं, आता बांधा घर.

आठवड्याभराने तुझा फोन आला.

"विजू, थ्या व्हिडिओतल्या माणसाले गाडी पकडाची हाये का?"

"कावून?"

"लय घाईत हाये. अन् त्याचं काईच चुकत नाई. मायं तं सगळंच चुकते. ज्याचं चुकतच नाई त्याच्यापासून मी शिकू काय?"

मी म्हणालो, थांबवून थांबवून बघ. तू म्हणालीस, तसंही केलं. बघताना सगळं समजतं, बंद केला की एक ओळ सुचत नाही. आणि मग ते वाक्य बोललीस, जे मी आता माझ्या प्रत्येक बॅचला ऐकवतो, तुझं नाव न घेता. "व्हिडिओ पाह्यला म्हंजे जेवण झालं नाई बाप्पा. शेजारच्या घरच्या फोडणीचा वास आला."

मग तू तुझी रीत लावलीस. व्हिडिओ थोडाच बघायचा, बंद करायचा, आणि तेच आपल्या हातानं लिहायचं. दुसरीकडून उचलून डकवायचं नाही, साधा कंससुद्धा नाही. अडलं की व्हिडिओकडे परत न जाता संदर्भाची इंग्रजी पानं उघडायची. एकीनं इंग्रजी वाचायचं, दुसरीनं ते आपल्या बोलीत सांगायचं. आणि स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली की आधी ती मोठ्यानं वाचायची. माझ्या क्लासमधली मुलं लाल दिसलं की खिडकीच बंद करतात. तू मुलींना सांगायचीस, "घाबरता कायले? शिव्या नाई देत थे. पत्ता सांगते, कोन्या ओळीत बिघाड हाये थे." 'अनडिफाइन्ड' म्हणजे काय, असं एकीनं विचारलं तर तू म्हणालीस, "डब्याले नाव देल्लं, डब्यात काई टाकलंच नाई." यावर मी फळ्यावर आकृत्या काढून अर्धा तास बोलतो, ताई.

मी एकदा उन्हाळ्यात अकोल्याला आलो होतो, तो दिवस. कूलर नुसता गरम वारा फेकत होता आणि मुली आळीपाळीनं त्यात बादलीनं पाणी ओतत होत्या. एकीचं बटण चालत नव्हतं. मी सवयीनं वाकलो, तिच्या हातातून माऊस घेतला, एक शब्द बदलला, झालं. मला वाटलं कौतुक होईल. मुलींनी तुझ्याकडे बघितलं.

"विजू, हात मांगं घे," तू म्हणालीस.

"अं?"

"हात मांगं. इथी ज्याले येते त्यानं हात पाठीमांगं घेऊन बसाचं. तोंडानं इचाराचं, सांगाचं नाई."

मुली तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. मोर्शीहून शिकायला आलेली प्रणाली तेव्हा नवीनच होती. ती म्हणाली, "सर, आमाले बी पैल्या दिवशी असंच बसोलं होतं." मग पन्नाशीचा मी, हात मागं बांधून त्या मुलीशेजारी बसलो. माझी बोटं अक्षरशः वळवळत होती. ती मुलगी चुकत होती, परत चुकत होती, आणि मला तिच्या स्क्रीनला हात लावता येत नव्हता म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघायला लागलो. कुठे अडखळते ते चेहऱ्यावर आधी दिसतं, स्क्रीनवर मागाहून. कितीतरी वर्षांत मी शिकणाऱ्याचा चेहरा बघितला नव्हता. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आलूपोहे खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलो.

आणि सुधारलोही नाही. तू अभ्यासिकेसाठी ते पुस्तकांचं पान बनवलंस ना, तेव्हाचं सांगतो. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मुली घरी न्यायच्या आणि कुठलं कुणाकडे आहे हे कुणालाच कळायचं नाही. म्हणून तू पान केलंस. चौकटीत पुस्तकाचं नाव लिहायचं, बटण दाबायचं, पुस्तक कुणाकडे आहे ते खाली येणार. सगळं तुझ्या हातचं. फक्त एक खोड होती. पान उघडून पहिल्यांदा बटण दाबलं की काहीच यायचं नाही. दुसऱ्यांदा दाबलं की बरोबर नाव यायचं. तू खूप शोधलंस, सापडलं नाही, म्हणून तात्पुरतं बटणाखाली लिहून टाकलंस, "दोनदा दाबा". मुलींना त्याची इतकी सवय झाली की एकीनं परीक्षेचा अर्ज भरतानाही बटण दोनदा दाबलं आणि तिचे दोन अर्ज गेले. ते निस्तरताना तिची दमछाक झाली. तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी हसलो. तू हसली नाहीस. "माह्याच्यानं झालं थे," म्हणालीस.

मला बिघाड पहिल्याच नजरेत दिसला होता. तू लिहिलेलं सगळं इंटरनेटवर एका जागी ठेवलेलं, तिथे पोहोचायची किल्ली माझ्याकडेही होती. मी अमरावतीत बसून गुपचूप दुरुस्त केलं. तुला वाटेल आपोआप झालं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी फोन. "विजू, हे बाण कोनं आणले?"

आजकाल फंक्शन थोडक्यात लिहायला बाणासारखी खूण वापरतात, बोटांच्या सवयीनं मी ती वापरली होती. तू कायम पूर्ण शब्द लिहायचीस. मी म्हणालो, कसले बाण? "चूप राय. माह्या घरात दुसऱ्याची चप्पल हाये थे मले दारातूनच समजते." आणि तू माझं सगळं काढून टाकलंस. तुझा बिघाड जसाच्या तसा परत आणलास. "चूक मायी हाये. मलेच सापडली पाह्यजे."

त्यानंतर एकदा, वेगळ्याच कशात तरी अडली होतीस. थकलेल्या आवाजात म्हणालीस, "सांगून टाक विजू, डोकं चालत नाई." मला आनंदच झाला. मी भरभर सांगितलं. मग म्हणालीस, "मी म्हटलं अन् तू सांगतलं? मी दमली म्हून म्हटलं रे. दमलेल्या माणसाले पाणी देतेत, उत्तर नाई." मग कितीतरी दिवस फोन नाही. शेवटी मीच केला, चुकलो म्हणालो. तेव्हा तू मला बजावलंस, "आता मी कितीबी मांगं लागली तरी सांगू नोको. शपथ हाये तुले."

मी हो म्हणालो होतो.

आपलं ते भांडण मात्र अर्धंच राहिलं. मी माझ्या मुलांना थेट फ्रेमवर्क, म्हणजे तयार चौकटी शिकवतो, ज्यात निम्मं काम आधीच करून ठेवलेलं असतं. मूळ जावास्क्रिप्ट चार दिवसांत उरकतो. तुला ते अजिबात पटायचं नाही. मी आलो की प्रणालीकडे हात करून म्हणायचीस, "इच्या बागवाल्या बापाले इचार. संत्र्याची कलम आणून लावली म्हंजे बाग झाली का? ज्याच्यावर कलम बांधली थो खुंट जंबेरीचा हाये का कायचा, थे पाहा लागते ना?" मी म्हणायचो, पुण्याच्या कंपन्या खुंट विचारत नाहीत, फळ मागतात. आता तर कोड लिहून देणारं एआयचं यंत्रच हातात आलंय, माझी मुलं त्यालाच सगळं विचारतात. तूही ते वापरलंस, पण तुझ्या पद्धतीनं. त्याला लिहायचीस, मले उत्तर नोको, मले प्रश्न इचार. ते बिचारं एकामागून एक प्रश्न विचारत बसायचं आणि मुली उत्तरं द्यायच्या.

पण तुझंही सगळंच बरोबर नव्हतं, ताई. हे मला तुझ्यासमोर शांतपणे बोलायचं होतं. विहारात फी नव्हती आणि कुणाला घाई नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या पोराला घरचे दर महिन्याला विचारतात, लागली का नोकरी? त्याला खुंटापासून सुरुवात करायला वेळ कुठून आणू? तू हे ऐकूनच घ्यायची नाहीस. "ठेव फोन," म्हणायचीस. आता कुणाशी भांडू? परवा क्लासमध्ये एका मुलाला मी म्हणालो, चौकट राहू दे, आधी साधं लिहून दाखव. तो म्हणाला, सर, परीक्षेत हे विचारत नाहीत. मी तुझ्या बाजूनं बोलत होतो आणि तो माझ्या.

त्या दोनदा दाबायच्या बिघाडात तुझी रीत चालत नव्हती, कारण तिथे लाल अक्षरंच येत नव्हती. कॉम्प्युटरच्या मते काही चुकलेलंच नव्हतं. पत्ताच नाही तर जाणार कुठे? तरी तू सोडलं नाहीस. प्रत्येक ओळीपुढे नंबर छापायची युक्ती केलीस, म्हणजे कुठली ओळ कधी चालते ते कळावं. आणि एका सकाळी तुझा फोन आला, आवाज लहान पोरीसारखा.

"विजू! तीन नंबर दोनच्या आंधी येऊन राह्यला!"

मी खुर्चीतून उठलोच. एका पावलावर होतीस, ताई. एकाच. मी फक्त म्हणालो, "मंग?"

"मंग काय, पाहून राह्यली ना. असं कसं होईन? वरचं वरतं पाह्यजे, खालचं खालतं." आणि खोकलीस. तेव्हा मी खोकल्याकडे लक्ष दिलं नाही. मी विचार करत होतो, आज सापडतं का उद्या.

मग ताप. मग दम लागायला लागला. भाऊजी म्हणाले, भरती केलंय, काळजीचं काही नाही, दोन दिवसांत सोडतील. मी रविवारी येतो म्हणालो. माझ्या एका बॅचची परीक्षा होती. अमरावतीहून अकोला काही लांब नाही. हे मी आता स्वतःला सांगतो, तेव्हा सांगितलं नाही.

आणि तो फोन. दुपारची वेळ, मी वर्गात, समोर मुलं. भाऊजी म्हणाले, "तुह्या बहिणीले बोलाचं हाये, थोडंसंच बोलू दे." तोंडावरचा मास्क बाजूला केल्याचा आवाज आला. मग तुझा श्वास. मग तू.

"विजू... थे दोनदा कावून दाबा लागते रे? सांगून टाक बाप्पा."

मी हसत होतो. समोरच्या मुलांनी मला हसताना पाहिलं. मला वाटलं, आली ताईची परीक्षा. या वेळी मी नापास होणार नाही. मी म्हणालो, "नाई सांगत. तू बरी होऊन घरी जाय, अन् तूच शोध."

बराच वेळ नुसता श्वास. मग तू हसलीस. छोटंसं हसू, शेवटी खोकल्यात गेलेलं. "शिकला रे विजू तू," म्हणालीस. भाऊजींनी फोन घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बडनेऱ्याहून गाडीत बसलो तेव्हा तू गेली होतीस. मला कळलं ते मूर्तिजापूरला.

माझी बायको म्हणते, हसल्या ना त्या, मग कशाला जीव जाळता? तिचं खरं असेल. पण तुझ्या हातात एवढे दिवस मोबाइल होता. त्या यंत्राला विचारलं असतंस तर त्यानं क्षणात सांगितलं असतं. त्याला विचारलं नाहीस, मला विचारलंस. तेव्हा तू शिकणारी होतीस की नुसती माझी बहीण होतीस, जिला दम लागत होता आणि जिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती? शपथ तूच घातली होतीस. ती मोडायची वेळ ओळखायची अक्कल मात्र मला कुणी शिकवायला नको होती.

कार्यक्रम झाल्यावर मी भाऊजींना गाठलं. फोन ठेवल्यावर काय म्हणाली, विचारलं.

"काई नाई. डोये मिटून पडली होती."

"नाराज झाली होती का?"

भाऊजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मले त्यातलं काय समजते विजू. हासून राह्यली होती थोडं. मंग नर्स आली."

मी विहाराच्या वरच्या खोलीत गेलो. मला वाटलं होतं कुणी नसेल. प्रणाली आणि आणखी दोघी एका कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. स्क्रीनवर तुझं पान होतं. मला बघून उठल्या, मी बसा म्हणालो. मग प्रणालीनं विचारलं, "सर, हे दोनदा कावून दाबा लागते, तुमाले माहीत हाये?"

"हो."

मी खुर्ची ओढली. ठरवलं होतं, या वेळी सांगायचं. तुझी रीत, तुझी शपथ, सगळं बाजूला ठेवायचं, जो विचारतो त्याला सांगून टाकायचं. मी तोंड उघडलं.

"सांगू नका सर!" तिनं हात पुढे केला. "खरंच नका सांगू. आमी याच्याच मांगं लागलो आहो. म्याडमनं टाकलेले नंबर अजून तसेच हायेत. तीन दोनच्या आंधी येते, थे का येते, तेवढंच राह्यलं."

"बरं."

"नुसतं एवढं सांगा, रस्ता बरोबर हाये ना?"

"बरोबर हाये."

एवढं ऐकलं आणि त्या तिघी स्क्रीनकडे वळल्या. एक दुसरीवर खेकसली, "तू दोन नंबर कुठी लावला थे दाखव आंधी." मी तिथे आहे हे त्या विसरल्या. मी जिना उतरलो.

त्यांना सापडेल, ताई. आज नाहीतर पुढच्या आठवड्यात. माझ्या उत्तराची त्यांना गरज नाही. ते माझ्याकडून फक्त तुला हवं होतं, आणि मी ते तोंडात धरून बसलोय.

तर ऐक. तुझी दोन नंबरची ओळ पुस्तकांची यादी आणायला कुणाला तरी धाडते. यादी लांब ठेवलेली आहे, जायला-यायला वेळ लागतो. पण जावास्क्रिप्ट त्याच्यासाठी खोळंबत नाही. तो दाराबाहेर पडला की लगेच तीन नंबर चालतो आणि पुस्तक शोधायला लागतो. यादी अजून वाटेतच असते, म्हणून हाती काही लागत नाही. दोन नंबर छापला जातो तो यादी घरात आल्यावर. दुसऱ्यांदा बटण दाबतेस तोवर पहिल्या खेपेला मागवलेली यादी येऊन पडलेली असते, म्हणून नाव दिसतं. धाडलेला माणूस परत येईस्तोवर खालच्या ओळीला थांबायला सांगणारा एक शब्द आहे, तेवढा लिहायचा राहिला होता. बाकी तुझं सगळं बरोबर होतं.